गोणपाट, चिंध्या आणि हक्काची फुरसत

घरातले लुगडे विरले म्हणजे त्याचे पुढे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. आधी त्याला दांड भरला जातो. मग धडका भाग वेगळा काढून त्याची बाळोती होतात. उरलेले वाकळीच्या पोटात जाते, आणि जे तिथेही चालत नाही त्याचे पोतेरे होते. एका कापडाने घराची इतकी सेवा करावी, ही आपल्या आया-आज्यांची काटकसर होती. या प्रवासात आणखी एक मुक्काम असू शकतो. त्या मुक्कामाची ओळख करून द्यावी, यासाठी हा लेख.

रग हुकिंग नावाची एक हस्तकला आहे. जाड्याभरड्या गोणपाटाला आकडीने कापडाच्या पट्ट्यांच्या बारीक कड्या काढत जायचे आणि त्या कड्यांतून नक्षी भरायची, एवढेच तिचे तंत्र. आपण तिला आकडीचा गालिचा म्हणू. लागणारे सामान दोनच, रिकामे पोते आणि चिंध्या. दोन्ही वस्तू आमच्या बोरी अरबसारख्या गावात पैशाला पासरी आहेत. कापूस, तूर, सोयाबीनच्या या भागात बारदाना हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो.

ही कला कुणाची?

गालिचा म्हटले की राजवाडा आणि दिवाणखाना डोळ्यांपुढे येतो. पण ही कला दिवाणखान्यातली नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे मेन राज्य आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा समुद्रकिनारा हे तिचे माहेर. कोळी, शेतकरी आणि लाकूडतोडे यांची ती वस्ती. थंडी हाडे गोठवणारी. घरातली जमीन फळ्यांची, आणि फटींतून वारा येणारी. श्रीमंतांकडे विलायती गालिचे होते. गरिबांकडे फाटके लोकरी कपडे होते आणि धान्याची रिकामी पोती होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या बायकांनी या दोन टाकाऊ वस्तू एकत्र आणल्या. नवऱ्याने किंवा भावाने लाकडी मुठीत खिळा बसवून, त्याचे टोक घासून वाकवून आकडी तयार करून द्यावी आणि हिवाळाभर घरातल्यांनी गालिचा भरावा, अशी ती पद्धत.

पुढे मेन राज्यातल्या बिडफर्ड गावच्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने तिला आणखी पसरवले. हा माणूस दारोदार भांडीकुंडी विकत फिरायचा. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने जुन्या पत्र्यातून साचे कापले, त्यांनी गोणपाटावर फुलापानांची नक्षी छापली आणि ती गोणपाटे विकली. ज्यांना चित्र काढता येत नव्हते त्यांनाही त्यामुळे गालिचा भरता येऊ लागला. कलेचा वारसा कष्टकऱ्यांच्या झोपडीतही असतो, याचा हा एक पुरावा समजावा.

गोणपाटाची कुळकथा

आता गंमत पाहा. सातासमुद्रापलीकडच्या या कलेचा पाया आपल्याच देशातून गेलेला आहे. इंग्रज ज्याला गनी म्हणतो तो शब्द आपल्या गोणीवरूनच तिकडे गेला. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य वाहणारे बंजारा तांडे आपल्या यवतमाळ जिल्ह्याला परके नाहीत. गोणपाटाचा ताग बंगालच्या शेतात पिकायचा. तो स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या गिरण्यांत विणला जाई. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली आणि पुढे हुगळीच्या काठी गिरण्यांची रांग लागली. तागाचे स्वस्त कापड जगभर जाऊ लागले, तेव्हाच अमेरिकेत या कलेला खरा बहर आला. बंगालच्या शेतकऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सोललेल्या तागावर मेनमधल्या कोळिणीने फुले काढली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही.

पण आपल्या समाजाला गोणपाट म्हटले की दुसरीच आठवण येते. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गात इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागत होते. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या तुकड्याला हात लावत नसे. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. परमपूज्य बाबासाहेबांनी हे स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. तेव्हा गोणपाट आपल्यासाठी नुसते पोते नाही. विटाळाच्या रूढीने एका लेकराच्या काखेत दिलेले ते ओझे आहे.

चिंध्यांकडे परत का जायचे?

म्हणूनच एक आक्षेप येणार आणि तो यायलाच हवा. कुणी म्हणेल, अहो, बाबासाहेबांनी आम्हाला चिंध्यांतून बाहेर काढले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आमच्या आयाबहिणींना सांगितले की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने सोडा, स्वच्छ राहा. आता तुम्ही पुन्हा चिंध्या आणि पोती हातात घ्यायला सांगता?

या आक्षेपात वजन आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असा दंडकच घालून ठेवला आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड आणि गावाने टाकलेली वस्त्रे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला येत. म्हाताऱ्या मंडळींना आजही चिंधीचा तिटकारा वाटतो. पोरगा नोकरीला लागला की पहिल्या पगारात ब्लँकेट आणतो आणि आईची वाकळ अडगळीत जाते. त्यात त्याचे काही चुकत नाही. वाकळ त्याला गरिबीची आठवण देते.

परंतु फरक कापडात नाही, ते कुणाच्या मर्जीने हातात आले यात आहे. दुसऱ्याने उतरून टाकलेले वस्त्र निमूटपणे घेणे वेगळे, आणि आपल्या कष्टाने घेतलेले, आपण वापरलेले कापड आपल्या आवडीने नव्याने घडवणे वेगळे. पहिल्यात लाचारी आहे. दुसऱ्यात कसब आहे. म्हणून माझे सांगणे एवढेच की या कामासाठी कुणाच्या दारी जुने कपडे मागायला जाऊ नका. आपल्याच घरातले कापड घ्या. आईचे लुगडे, वडिलांचे धोतर, पोरांचे बनियन, त्यांच्या शाळेचे जुने गणवेश. प्रत्येक पट्टीला आपल्या घराचा इतिहास आहे.

जुन्या कापडाच्या सन्मानाची परंपरा आपल्या धम्मातही आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कौशंबीच्या उदेन राजाची आणि भदंत आनंदांची कथा येते. राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की एवढ्या चीवरांचे हे करणार तरी काय? आनंद म्हणाले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटून देऊ. मग राजा प्रश्नामागून प्रश्न विचारत गेला. जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे करू. जुन्या पांघरणांचे? गाद्यांच्या खोळी. त्यानंतर जमिनीवरच्या बैठका, त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर झटकणी. आणि अगदी शेवटी त्यांचे बारीक तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या आजीने लुगड्याचे दांड, वाकळ आणि पोतेरे केले तेव्हा तिने ही कथा ऐकलेली नव्हती. पण व्यवहार तोच होता.

शिकायचे कसे?

जिला वाकळ शिवता येते तिला ही कला एका दुपारी कळते. वाकळीत कापडाचे थर रचून धावदोरा घालतात. इथे दोरा आणि सुई दोन्ही नाहीत.

पोते ज्यूटचेच हवे. खताची पोती प्लॅस्टिकची असतात, ती उपयोगाची नाहीत. १९८७ च्या कायद्याने धान्यासाठी तागाच्या पोत्यांचे बंधन घातले, त्यामुळे किराणा दुकानात रिकामे पोते सहज विकत मिळते. पोते निवडताना वीण पाहावी. उजेडापुढे धरल्यावर भोके मोजता येतील अशी साधी, मोकळी वीण चांगली. फार घट्ट विणीत आकडी अडते. पोते उसवून घ्यावे, अंगणात झटकावे, धुऊन कडक उन्हात वाळवावे. झटकताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि दम्याचा त्रास असलेल्यांना दूर ठेवावे, कारण तागाची धूळ बारीक असते.

चौकट म्हणून फोटोची जुनी रिकामी फ्रेम किंवा सुताराकडच्या चार पट्ट्या पुरतात. त्यावर पोते ताणून टाचण्या माराव्यात. पोते ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ असले पाहिजे. आकडी म्हणजे कटलरीच्या दुकानात मिळणारी क्रोशाची जाड सुई. नक्षी कोळशाने किंवा मार्करने काढावी, आणि कडेला चार बोटे पोते मोकळे सोडावे.

कापडाच्या पट्ट्या साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि हातभर लांब कापाव्यात. लोकरीच्या पट्ट्या याहून बारीक असतात, पण आपल्याकडे सुती कापडच जास्त. बनियनचे होजिअरी कापड शिकणाऱ्याला सर्वांत सोपे, कारण त्याचे धागे सुटत नाहीत.

आता मुख्य कृती. डावा हात पोत्याखाली ठेवून पट्टी चिमटीत धरायची. उजव्या हातातली आकडी वरून भोकात घालायची, खालची पट्टी तिच्यात अडकवायची आणि वर ओढायची. पट्टीचे पहिले टोक वर काढून ठेवायचे. मग एक-दोन धागे सोडून पुढच्या भोकातून छोटी कडी वर काढायची. कडीची उंची पट्टीच्या रुंदीइतकी असावी आणि सगळ्या कड्या सारख्या असाव्यात. पट्टी संपली की तिचे शेवटचे टोकही वर काढून कड्यांच्या बरोबरीने कापायचे. गाठ कुठेच मारायची नाही. ताग प्रत्येक कडीला आवळून धरतो आणि शेजारच्या कड्या एकमेकींना दाबून धरतात, त्यावरच सगळे टिकते. प्रत्येक भोक भरू नये, नाहीतर पोते फुगून वाकडे होते. खालच्या बाजूला एक पट्टी दुसरीवरून नेऊ नये, नाहीतर ती पायात अडकून उसवते. आधी आकृतीची कड भरावी, मग आतला भाग, आणि सर्वांत शेवटी भोवतालची जमीन.

पूर्ण झाल्यावर उलट्या बाजूने ओले फडके ठेवून गरम इस्त्री दाबावी, मोकळ्या कडा मागे दुमडून जाड दोऱ्याने शिवाव्यात. झाला गालिचा तयार.

नक्षीबद्दल एक सूचना. धम्मचक्र आणि पिंपळपान ही चिन्हे आपल्याला प्रिय आहेत, पण ती पायपुसण्यावर काढू नयेत. भिंतीवर लावायच्या तुकड्यासाठी ती ठेवावीत. पायाखालच्या गालिच्यासाठी चौकटी, पट्टे, कापसाचे बोंड, पळसाचे फूल, राघू असे काहीही काढावे. आपल्या शेतशिवारात नक्षीला तोटा नाही.

थोडा हिशेब

मी कॉमर्सचा विद्यार्थी आणि पेशाने कारकून, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद पायपुसणे धरू. क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर. कड्यांमध्ये कापड खूप जिरते, म्हणून नक्षीच्या चार ते पाच पट कापड लागते. पाचपट धरले तर सव्वा चौरस मीटरच्या आतबाहेर. एका जुन्या पाचवारी साडीचा विरलेला भाग टाकून दिला तरी तीन पायपुसणी आरामात होतात.

आता वेळ. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दोन कड्या धरल्या तर एकूण ४८०० कड्या झाल्या. नवशिक्याने मिनिटाला पाच काढल्या तर ९६० मिनिटे, म्हणजे १६ तास. रोज अर्धा तास दिला तर ३२ दिवस. पट्ट्या कापायचा वेळ वेगळा.

समजा हे पायपुसणे कुणी दीडशे रुपयांना घेतले. तासाला साडेनऊ रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि पोत्याचे पैसे तर अजून वजाच केलेले नाहीत. निंदणाला गेलेली बाई यापेक्षा जास्त मजुरी घेऊन येते. तेव्हा कुणी गावात येऊन म्हणाले की बायकांनो, हे करा, घरबसल्या कमाई होईल, तर त्याला आधी हा हिशेब मांडायला सांगा. बचत गटाच्या वहीत कच्च्या मालाचा खर्च लिहिला जातो, विक्री लिहिली जाते, पण बाईच्या तासांचा रकाना बहुतेक वेळा नसतोच. तो रकाना आखून घ्या. ज्या श्रमाची नोंद होत नाही तो श्रम फुकटात जातो, आणि फुकटच्या श्रमाची आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या वेठ दिलेली आहे.

कॅनडातही हेच घडले. केप ब्रेटन बेटावर शेटिकँप नावाचे कोळ्यांचे गाव आहे. इंग्रजांनी १७५५ पासून ज्यांना घरादारातून हुसकावून लावले त्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांची ही वस्ती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लिलियन बर्क नावाच्या अमेरिकन कलाशिक्षिकेने तिथल्या बायकांना नवे रंग आणि नवे नमुने दिले, त्यांचे गालिचे अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत पोहोचवले. तिचे उपकार नाकारता येत नाहीत. पण १९३० च्या दशकातच मोबदल्यावरून बायकांमध्ये असंतोष उठला आणि काहीजणी स्वतःच गिऱ्हाइके गाठू लागल्या. त्याच गावची एलिझाबेथ लफोर ही बाई पुढे लोकरीच्या कड्यांतून राष्ट्राध्यक्षांची आणि पोपची चित्रे काढून नावाजली. तिच्या नावाचे दालन आजही त्या गावात आहे. ज्याचे हात त्याचेच मोल, हे त्या बायकांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले.

मग करायचे तरी कशाला?

पैसा मिळत नाही तर हा उद्योग कशाला, असे कुणीही विचारील. उत्तर सरळ आहे. हा उद्योग नाही, छंद आहे. आणि छंदाचे नाव काढले की आपल्यातलेच लोक म्हणतात की ही श्रीमंतांची चोचले आहेत. मला हे पटत नाही.

ज्यांच्या हातांनी शतकानुशतके फक्त दुसऱ्यांची कामे केली त्यांना स्वतःसाठी अर्धा तास मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. फुरसत आपल्याला कुणी दान दिलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतल्या कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. ते सहा तास कामगाराला कशासाठी मिळाले? नुसते झोपण्यासाठी? माणसाला वाचता यावे, मुलांत बसता यावे, मनासारखे काही करता यावे यासाठीच ना? स्वतः बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरार्धात, तब्येत साथ देत नसताना, व्हायोलिन वाजवायला शिकले आणि चित्रेही काढू लागले. राज्यघटनेचे एवढे काम केलेल्या माणसाला व्हायोलिनची गरज वाटली, तर दिवसभर शेतात राबलेल्या आपल्या बहिणीला रंगीत पट्ट्यांची गरज वाटणार नाही काय?

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. कारखान्यातल्या मजुराच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली, घरातल्या बाईच्या तासांना कुठलाच कायदा नाही. तिला हा अर्धा तास घरच्यांनीच द्यावा लागेल. संध्याकाळचे पाणी पोराने भरले, भांडी नवऱ्याने घासली, तर तो अर्धा तास निघतो. नाहीतर छंद हेही तिच्या डोक्यावरचे आणखी एक काम होईल.

आणि पुरुषांनीही हे शिकावे. भरतकाम-शिवणकाम बायकांचे, असे म्हणणे हीसुद्धा एक प्रकारची वर्णव्यवस्थाच आहे. कार्यालयातून आल्यावर चौकट मांडीवर घेऊन शंभर कड्या काढल्या की डोके कसे हलके होते, हे मी स्वतः अनुभवतो. मुलांना तर दोन दिवसांत आवड लागते. मोजणे, आखणे, रंग जुळवणे हे सगळे त्यातून आपोआप शिकले जाते.

शेवटी एक विनंती. आकडी हातात घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा आणि तिला वाकळीची रीत विचारा. टाके कडेकडेने सुरू करून मधल्या चौकोनापर्यंत कसे न्यायचे, दोन लुगड्यांचे काठ कसे जुळवायचे, हे तिच्या बोटांत आहे, कुठल्या पुस्तकात नाही. तिच्यामागे ते मिळणार नाही. ते वहीत लिहून घ्या, तिचे नाव घालून लिहा. मग तिच्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्या कापून पहिला गालिचा भरा, आणि तयार झाला की त्यावर पहिल्यांदा तिला बसवा. ज्या गोणपाटावर एका लेकराला वर्गात वेगळे बसवले गेले, त्याच गोणपाटावर आपल्या माऊलीने आपल्या घरात मानाने बसावे.

जयभीम!